आवाजाचे कूळ

नांदेडच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर देगलूर हे तालुक्याचे गाव आहे. गावातून एका वाटेने निघाले तर थोड्याच वेळात तेलंगणाची हद्द लागते. दुसऱ्या वाटेने निघाले तर कर्नाटकातील बीदर जिल्हा लागतो. त्यामुळे देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू या चारही भाषा एकाच दुकानाच्या फळीवर टेकून बोलत असतात. अशा गावात एखादा नवा शब्द आला तर त्याची जात कोणी फारशी विचारीत नाही. तरीही अलीकडे आलेल्या एका शब्दाविषयी जाणत्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. तो शब्द म्हणजे ‘साउंड’.

लग्नाची वरात असो, गणेशोत्सव असो की जयंतीची मिरवणूक असो, “साउंड ठरवला का?” हा प्रश्न पहिल्या बैठकीतच निघतो. साउंड भाड्याने मिळतो, साउंड ट्रॅक्टरवर चढतो, साउंडवाला उशिरा येतो आणि त्याच्यावर सगळे रागावतात. हे ऐकून एखादे वडीलधारे गृहस्थ म्हणतात, “अरे, मराठीत आवाज हा चांगला शब्द असताना हा परका साउंड कशाला?” प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. परंतु त्याच मिरवणुकीत थोड्या वेळाने कोणीतरी ओरडून सांगतो, “साउंडचा आवाज कमी करा!” या वाक्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत आणि द्विरुक्तीचा दोष कोणालाही जाणवत नाही. याचे कारण उघड आहे. ज्या यंत्रातून गाणे बाहेर पडते ते यंत्र म्हणजे साउंड, आणि त्यातून जे कानावर आदळते तो आवाज. इंग्रजांच्या मुलखात ज्या शब्दाचा अर्थ ‘आवाज’ असा होतो, त्या शब्दाने देगलूरला येईपर्यंत आपला व्यवसाय बदलला आहे. मनुष्य गाव सोडून परमुलखात गेला म्हणजे कधी कधी नवा धंदा पत्करतो. शब्दांचेही तसेच होते.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. साउंड परका, हे मान्य. पण मग आवाज तरी कोठला? तो आहे फारसी. इराणातून निघालेली फारसी भाषा सुलतानांच्या दरबाराबरोबर दक्षिणेत उतरली. बहमनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बीदरला आली, आणि बीदर म्हणजे देगलूरचे शेजारच. पुढे १७२४ पासून आसफजाही निजामांचा अंमल सुरू झाला. तो १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत टिकला. या दीर्घ काळात दरबाराची भाषा आधी फारसी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठवाड्यातील मराठी घरांत जन्मलेल्या कित्येक पिढ्यांनी वरच्या इयत्तांचे गणित आणि इतिहास उर्दूतून गिरवला. आवाज हा शब्द त्या पिढ्यांच्याही कितीतरी आधी मराठीत येऊन बसला होता. तो केवळ मराठवाड्यात राहिला असेही नाही. कोकणापासून विदर्भापर्यंत तो सर्वत्र पोहोचला.

आणि तो कसा रुजला पाहा. गाऊन गाऊन आवाज बसतो. भांडणात आवाज चढतो. आजारात आवाज खोल जातो. अन्यायाविरुद्ध आवाज उठवला जातो, आणि सभागृहात हात वर न करता केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून मत दिले तर ते आवाजी मतदान होते. यांतील एकही प्रयोग आता परका वाटत नाही. आवाजाला मराठी विभक्ती लागतात, मराठी क्रियापदे लागतात, मराठी माणसाचा राग आणि लोभ लागतो. त्याला आता परत इराणात धाडणे शक्य नाही; धाडला तरी तेथे त्याला या सगळ्या गोष्टी कोण विचारणार?

परक्या शब्दांना निरोप द्यावा, हा विचार मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सतराव्या शतकात शिवछत्रपतींच्या आज्ञेने राजव्यवहारकोश तयार झाला. राज्यकारभारातील फारसी व दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. नव्या राज्याला स्वतःची भाषा असावी, प्रजेला कागद वाचून आपल्या राजाचा कागद वाटावा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो मोठा होता. गंमत अशी, की ज्या पदाला मुख्य प्रधान म्हणावे असे ठरले, ते पद पुढच्या इतिहासात ‘पेशवा’ याच फारसी नावाने गाजले. कोशाने एक सांगितले; लोकांच्या जिभेने दुसरे ऐकले.

विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ हाती घेतली. दिनांक, महापौर यांसारखे त्यांनी रूढ केलेले शब्द आज शाळेतल्या मुलाच्याही तोंडी आहेत. तरीही तारीख हा शब्द मेला नाही. अर्जावर दिनांक लिहिला जातो आणि न्यायालयात तारीख पडते. कवी माधव जूलियन यांचे उदाहरण तर आणखी विचार करण्यासारखे आहे. त्यांचे फारसीचे ज्ञान असे, की १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला. आणि पुढे हेच माधवराव पटवर्धन भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले व १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. ज्याला परक्या घराचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे, त्यानेच ‘आपल्या घरात आपली भांडी असू द्या’ असे म्हणावे, यात विसंगती नाही. अज्ञानाने केलेला द्वेष आणि जाणतेपणाने केलेली निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषाशुद्धीने मराठीला कितीतरी चांगले शब्द दिले. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जो शब्द घरातल्या माणसासारखा वागू लागला आहे, त्याला केवळ त्याचा जन्मदाखला पाहून बाहेर काढावे, हे पटत नाही. आवाजावरचा खटला तेथेच निकालात निघतो.

साउंडची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे, कारण इंग्रजीत साउंड हा एक शब्द नाही. एकाच पोशाखातले ते निरनिराळे गृहस्थ आहेत. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला द्यावयाची पट्टी आणि ‘कर’ म्हणजे एखादे काम करण्याची आज्ञा. तशातलाच हा प्रकार.

त्यांतला पहिला साउंड म्हणजे ध्वनी. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक शतके तेथील दरबारात फ्रेंचचा बोलबाला राहिला. हैदराबादेत फारसीचे जे स्थान, तेच तेथे फ्रेंचचे. त्या फ्रेंचमधून ‘सून’ असा काहीसा उच्चार असलेला शब्द इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सोनुस’, म्हणजे नाद. यात शेवटचा ‘ड’ कोठेच नाही! तो इंग्रजांनी मागाहून, साधारणतः पंधराव्या शतकाच्या सुमारास, लावला. मुद्दाम कोणी लावला असे नव्हे; तो जिभेचा चाळा आहे. ‘न’ म्हणताना जिभेचे टोक दातांमागे टेकते, आणि ते झटक्याने सुटले की ‘ड’ किंवा ‘द’ यांसारखा एक ध्वनी आपोआप निसटतो. मेघगर्जनेसाठी इंग्रजीत जो ‘थंडर’ शब्द आहे, त्याच्या जुन्या रूपातही ‘ड’ नव्हता; तोही असाच घुसला. याला हसण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘वानर’ हिंदीत ‘बंदर’ झाला आणि मराठी खेड्यापाड्यांत ‘वांदर’ झाला, तो याच वाटेने. जुन्या काळचे इंग्रज पंडित ‘साउंड’ या उच्चाराला अशुद्ध म्हणाले असतील, तर आज त्यांचा तो निषेध कोणाच्या स्मरणातही नाही. अशुद्ध उच्चारच शुद्ध ठरून बसला आहे.

दुसरा साउंड म्हणजे निरोगी, भक्कम, विश्वास ठेवण्याजोगा. गाढ झोपेला, धडधाकट शरीराला, शहाणपणाच्या सल्ल्याला इंग्रजीत हे विशेषण लागते. हा फ्रेंचमधून आलेला नाही. तो इंग्रजीच्या घरचाच जुना शब्द आहे. त्याचे प्राचीन रूप ‘गेसुंद’ असे होते. जर्मन भाषेत ते जवळजवळ तसेच शिल्लक आहे, आणि कोणी शिंकले की जर्मन माणूस ‘गेझुंडहाइट’ म्हणतो, म्हणजे ‘आरोग्य लाभो’. इंग्रजीत पुढचा ‘गे’ गळाला, उच्चार बदलत गेला, आणि ध्वनिवाचक शब्दाशी त्याची अशी गाठ पडली की दोघे ओळखू येईनात.

येथे एक मोठा मोह होतो. कुंभाराकडे मडके घेताना गिऱ्हाईक त्यावर बोटाने टिचकी मारते. मडके नीट भाजलेले आणि बिनतड्याचे असेल तर खणखणीत वाजते. तडा गेला असेल तर बद्द वाजते. मग वाटते, जे चांगले वाजते ते निरोगी, म्हणूनच इंग्रजीत आवाजालाही साउंड आणि निरोगी वस्तूलाही साउंड म्हणत असतील. तर्क सुंदर आहे, पण तो इंग्रजीपुरता खोटा आहे. ते दोन शब्द दोन वेगळ्या देशांतून आले आणि योगायोगाने एकमेकांसारखे दिसू लागले. नवल पुढेच आहे. जे इंग्रजीत घडले नाही ते मराठीत घडले आहे! दुखण्यातून उठलेल्या माणसाला “आता प्रकृती कशी?” असे विचारले तर तो म्हणतो, “ठणठणीत.” हा ठणठणीत ‘ठणठण’ या वाजण्याच्या शब्दापासूनच निघालेला आहे. भांडे ठणठण वाजले म्हणजे ते धड आहे. माणूस धड आहे म्हणजे तो ठणठणीत आहे. खणखणीत नाणे, खणखणीत उत्तर, खणखणीत प्रकृती यांचीही तीच वाट. परंतु ठणठण तर रिकामे भांडेही वाजते. म्हणून ज्याच्या खिशात दमडी नाही तो ठणठणगोपाळ! एकाच आवाजाने एकाला आरोग्य दिले आणि दुसऱ्याचा खिसा उघडा पाडला. इंग्रजीतील चमत्कार योगायोगाचा आहे, मराठीतील चमत्कार निरीक्षणाचा आहे. आणि या एका बाबतीत तरी मराठीचे पारडे जड आहे, असे म्हणण्यात अभिमानाचा दोष नाही.

तिसरा साउंड समुद्रावरचा. दोन भूभागांमधल्या पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्याला इंग्रजीत साउंड म्हणतात. उत्तर युरोपातील जुन्या भाषांत ‘सुंद’ या शब्दाचा अर्थ पोहणे असाही होता आणि सामुद्रधुनी असाही होता. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या सामुद्रधुनीला आजही एरेसुंड म्हणतात. तिच्यावरचा मोठा पूल २००० मध्ये वाहतुकीला खुला झाला. समुद्र न पाहिलेल्या देगलूरकर मुलाला या साउंडची फारशी गरज पडणार नाही, पण नकाशा वाचताना हा शब्द दिसला तर तेथे कसला तरी मोठा आवाज होत असेल असे त्याने समजू नये, इतकेच.

चौथा साउंड म्हणजे पाण्याची खोली मोजणे. हा फ्रेंच खलाशांकडून आला, आणि तोही मुळात वरच्या ‘सुंद’शीच नाते सांगतो असे अनेक अभ्यासक मानतात. पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडीत आणि दोरी किती भिजली त्यावरून खोली ठरवीत. अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर आगबोटी चालत, तेव्हा दोरी सोडणारा खलाशी ओरडून माप सांगे. दोन वाव, म्हणजे १२ फूट पाणी असले की तो ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी देई. आगबोट निर्धास्त पुढे जाई. त्या नदीवर सुकाणू धरणाऱ्या सॅम्युएल क्लेमेन्स नावाच्या तरुणाने पुढे लेखणी धरली, तेव्हा हीच आरोळी टोपणनाव म्हणून घेतली. टॉम सॉयरच्या गोष्टी लिहिणारा मार्क ट्वेन तो हाच.

आता एक मौज पाहण्यासारखी आहे. खोली मोजणारा साउंड आणि ध्वनिवाचक साउंड हे दोन शब्द कुळाने परस्परांचे कोणी नव्हेत. परंतु विसाव्या शतकात दोरीचे काम यंत्राने घेतले. जहाजाच्या तळाशी बसवलेले यंत्र पाण्यात ध्वनीचा एक ठोका सोडते. तो तळावर आदळून परत येतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ठोका ४ सेकंदांनी परतला, तर त्याने जाऊन येऊन ६००० मीटरची मजल मारली, म्हणजे तळ ३००० मीटर खोल आहे. अशा रीतीने जे दोन शब्द शेकडो वर्षे केवळ दिसायला सारखे होते, त्यांना समुद्राच्या तळाशी खरे काम मिळून करावे लागले.

पहिल्या साउंडच्या कुळाकडे पुन्हा एकदा वळावयास हवे. लॅटिनमधील सोनुस आणि संस्कृतमधील ‘स्वन’ हे शब्द सख्खे चुलत भाऊ आहेत. लॅटिन संस्कृतातून निघाली असा याचा अर्थ नाही. दोन्ही भाषा एका अतिप्राचीन भाषेच्या लेकी आहेत आणि तिच्या घरचा हा शब्द दोघींनी आपापल्या शिदोरीत बांधून नेला. मराठीत भाषेच्या ध्वनींचा अभ्यास करणारे विद्वान आजही स्वन आणि स्वनिम हे शब्द योजतात. फारसी आवाजाचेही तसेच. त्याच्या पोटात जो ‘वाज’ आहे, त्याचे मूळ आणि संस्कृतातील ‘वाच्’ यांचे मूळ एक आहे. म्हणजे मराठी माणसाची वाचा बसली काय किंवा आवाज बसला काय, जुने घराणे एकच. लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलेला ‘व्हॉइस’ हाही त्याच घराण्यातला. ध्वनी या शब्दाचा एक दूरचा नातेवाईक इंग्रजीत ‘डिन’ या नावाने राहतो आणि तेथे त्याचा अर्थ कर्कश गोंगाट असा होतो. नातलग दूर गेले म्हणजे त्यांचे स्वभाव पालटतात, ते असे.

ही नाती कळली की काहींना वाटते, चला, म्हणजे साउंड आणि आवाज हे मुळात आपलेच निघाले. आता ते बेलाशक वापरावेत. हा युक्तिवाद गोड असला तरी दुबळा आहे. हजारो वर्षांपूर्वीचे नाते दाखवून कोणी घरात राहण्याचा हक्क सांगू लागला तर तो कोणता गृहस्थ मान्य करील? आवाज मराठीत मानाने राहतो तो वाचेचा भाऊ म्हणून नव्हे. तो शतकानुशतके मराठीची कामे करीत आला म्हणून.

शिवाय रूप सारखे दिसले की नाते असलेच पाहिजे, असेही नाही. ‘नाद’ हा शब्द घ्यावा. देवळातल्या घंटेचा नाद असतो आणि पतंगाचाही नाद असतो. पहिला कानाला लागतो, दुसरा जीव घेऊ पाहतो. मधुर नादाने हरिण भुलते आणि पारध्याच्या जाळ्यात सापडते, हा दृष्टान्त कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, नादाने मन ओढले जाते, तेच वेड होते, आणि मग आई म्हणते, “त्याच्या नादी लागू नकोस.” नादिष्ट, नादावलेला हे त्याच कुटुंबातले. पण नादान, नादार आणि नादुरुस्त यांच्या तोंडाशी जो ‘नाद’ दिसतो तो निव्वळ देखावा आहे. ते फारसी शब्द असून त्यांतला ‘ना’ म्हणजे नाही. ज्याला जाण नाही तो नादान. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. शाळेत गरीब मुलाला फी माफ होत असे तिला नादारी म्हणत, ती यावरूनच. देगलूरजवळ होट्टल नावाचे गाव आहे. तेथील सिद्धेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर त्याच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. परगावचा प्रवासी नाव ऐकून हॉटेलाची आठवण काढतो आणि हसतो. त्या मंदिराचे दगड बसले तेव्हा इंग्रजीत हॉटेल हा शब्द जन्मालाही आला नव्हता. रूपावरून कूळ सांगणारा मनुष्य अशा रीतीने फसतो.

तर मग नव्या साउंडचे काय करावे? त्याने जे यंत्राचे काम पत्करले आहे, ते त्याला करू द्यावे. भिंतीएवढे खोके ट्रॅक्टरवर रचून जे काही वाजते, त्याला जुना शब्द नव्हता, कारण ती वस्तूच नव्हती. ध्वनिक्षेपक हा चांगला शब्द आहे, आणि शासनाच्या आदेशात तोच शोभतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. तेथे ध्वनी हाच शब्द हवा. ‘आवाजप्रदूषण’ कोणी म्हणत नाही आणि ‘नादप्रदूषण’ म्हटले तर हसू येईल. विज्ञानाला ध्वनी, संगीताला नाद, माणसाला आवाज, मिरवणुकीला साउंड, अशी कामाची वाटणी झाली आहे आणि तीत कोणाचे काही बिघडले नाही.

बिघडते ते पुढे. एखादा मुलगा निबंधात ‘पावसाचा साउंड’ असे लिहितो तेव्हा खरे नुकसान होते. कारण पावसाला मराठीत साउंड तर नाहीच, पण केवळ आवाजही नाही. तो रिपरिपतो, झिमझिमतो, धो धो कोसळतो. पाने सळसळतात, ओढा खळखळतो, बांगड्या किणकिणतात, पैंजण छुमछुमतात, जुने दार करकरते, रिकामा डबा खडखडतो, ढग गडगडतात आणि रागावलेला माणूस नुसताच धुसफुसतो. या शब्दांना व्युत्पत्ती शोधावी लागत नाही; ऐकणाऱ्याच्या कानानेच ते घडवले आहेत. एका साउंडच्या पोत्यात हे सगळे कोंबले तर पाऊस कसा पडत होता हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही. परक्या शब्दाची भीती बाळगावी ती येथे. तो नवी वस्तू घेऊन आला तर पाहुणा. घरातल्या दहा माणसांना उठवून त्यांच्या जागी एकटाच बसू लागला तर मात्र त्याला अडवलेच पाहिजे.

आणि याच न्यायाने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण देगलूरच्या वर्गात ती रोज घडू शकते. १९५६ मध्ये भाषेनुसार राज्यांची रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई राज्यात आला. परंतु देगलूर तालुक्यातील बिच्कुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. ती आता तेलंगणात आहेत. नकाशावर रेघ ओढता येते. सोयरीक, बाजार आणि बोली यांवर ती ओढता येत नाही. म्हणून मराठी शाळेच्या एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारा मुलगा असतो, शेजारी कन्नड बोलणारी मुलगी असते, मागे तांड्यावरून आलेला लमाणी मुलगा असतो, आणि दख्खनी बोलणारा त्याचा मित्र असतो. बाहेर काही पडल्याचे ऐकू आले आणि तेलुगू मुलाच्या तोंडून चटकन ‘चप्पुडु’ निघाले, किंवा कन्नड मुलीच्या तोंडून ‘सप्पळ’ निघाले, की वर्ग हसतो. ते मूल ओशाळते. दुसऱ्या दिवशी ते बोलत नाही. शब्द चुकला म्हणून जे मूल गप्प बसले, ते मराठी तरी कशी शिकणार? ज्या मुलांनी हसायचे, त्यांच्या तोंडचा आवाज इराणचा आणि साउंड इंग्लंडचा. हसण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? अशा वेळी शिक्षकाने मुलाला दटावण्याऐवजी फळ्यावर चारही शब्द एका ओळीत लिहावेत आणि प्रत्येकाला ते मोठ्याने म्हणावयास लावावे. त्यात पाच मिनिटे जातील. अभ्यासक्रम त्यामुळे मागे पडत नाही. मराठी शाळेत मराठी चांगलीच शिकवली पाहिजे, यात वाद नाही. पण घरचा शब्द दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवा, असे सांगून ती चांगली येत नाही.

फळ्यावर त्या ओळीखाली आणखी एक जोडी लिहिता येईल. संस्कृतातील ‘शब्द’ प्राकृतात ‘सद्द’ झाला. तो सद्द मराठीत ‘साद’ होऊन राहिला. शेताच्या बांधावरून लांबच्या माणसाला घालतात ती साद, आणि डोंगरावरून ती परत येते तेव्हा तिला पडसाद म्हणतात. तोच सद्द दक्षिणेकडे गेला आणि ‘सद्दु’ झाला. कन्नड व तेलुगू बोलणारी माणसे आजही कोठे काही वाजले की म्हणतात, सद्दु झाला.